उधारीचे पोते आणि मोटारीची खरेदी

‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. उधारीवर माल नेणाऱ्याला दुकानदार माप कमी घालतो आणि गिऱ्हाईक मिंधे असल्यामुळे त्याला तक्रार करता येत नाही, हा तिचा इत्यर्थ. रोख पैसे मोजणाऱ्याचा हात वर आणि उधारी मागणाऱ्याचा हात खाली, हा बाजाराचा नियम खेड्यातल्या वाण्यापासून शहरातल्या पेढीपर्यंत सर्वत्र सारखाच चालत आला. ब्रिटनमध्ये मात्र गेल्या अर्धशतकात कायद्याने हा नियम एका बाबतीत पार उलटा करून टाकला आहे. तेथे मोटार विकत घेणारा मनुष्य नोटा मोजून सगळी किंमत चुकती करतो, तेव्हा त्याच्या पाठीशी केवळ विक्रेत्याचा शब्द असतो. त्याच मनुष्याने किमतीतला अल्पसा भाग क्रेडिट कार्डाने दिला, की विक्रेत्याच्या जोडीला एक बँकही त्या शब्दाला बांधली जाते. हे कसे घडले आणि या आधाराला मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

घराच्या खालोखाल मोटार ही सामान्य कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी. शिवाय ती अशी वस्तू, की जिचे खरे स्वरूप डोळ्यांना दिसत नाही. रंग चकचकीत असतो, बैठकी स्वच्छ असतात. परंतु दोष असतो तो इंजिनाच्या पोटात, नाहीतर कागदपत्रांत. जुन्या इंग्रजी कायद्याचे धोरण असे, की खरेदीदाराने आपले डोळे उघडे ठेवावे आणि फसल्यास आपल्या नशिबाला बोल लावावा. १८९३च्या मालविक्री अधिनियमाने या धोरणाला मुरड घातली. व्यापाऱ्याने विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, बाजारात खपण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे आणि विकणाऱ्याला तो विकण्याचा अधिकार असला पाहिजे, अशा शर्ती करारात लिहिलेल्या नसल्या तरी त्यात गृहीत धरावयाच्या, असे त्या अधिनियमाने ठरवले. भारतात १९३० साली झालेला मालविक्री अधिनियम याच इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर बेतलेला आहे. त्यामुळे ही तत्त्वे भारतीय न्यायालयांनाही परकी नाहीत.

या शर्तींचे सामर्थ्य किती, हे १९२३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयात निकालात निघालेल्या ‘रोलंड विरुद्ध डिव्हॉल’ या खटल्यात दिसून आले. रोलंड या मोटारींच्या व्यापाऱ्याने आदल्या वर्षी ३३४ पौंडांना एक मोटार घेतली, ती रंगवून ४०० पौंडांना दुसऱ्यास विकली. काही महिने गाडी सुरळीत चालली. मग पोलीस आले आणि गाडी चोरीची म्हणून घेऊन गेले. रोलंडने आपल्या गिऱ्हाइकाचे पैसे परत केले व स्वतः ज्याच्याकडून गाडी घेतली होती त्याच्याकडे ३३४ पौंड मागितले. गाडी इतके महिने वापरली, त्याचे काय, असा आक्षेप आला. न्यायालयाने सांगितले, की विकणाऱ्याला जी वस्तू देण्याचा अधिकारच नव्हता, ती त्याने दिली असे म्हणताच येत नाही. तेव्हा पूर्ण किंमत परत केली पाहिजे.

निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला. पण हक्क असणे वेगळे आणि पैसे हाती पडणे वेगळे. विक्रेता दिवाळखोर झाला असेल, दुकानाला कुलूप लावून निघून गेला असेल, तर हुकूमनामा हा केवळ कागदाचा तुकडा होय. मोटारींच्या, विशेषतः जुन्या मोटारींच्या व्यापारात अशी कुलपे लागणे नवे नाही. तेव्हा खरा प्रश्न दोषी कोण एवढाच नसून, दोषी गाठता आला नाही तर भरपाई कोणी करावी, हा होता.

या प्रश्नाचे उत्तर उधारीच्या व्यवहारातून निघाले. विसाव्या शतकात मोटारी हप्त्यांवर विकल्या जाऊ लागल्या. त्यात भाडेखरेदी हा एक प्रकार. वित्तसंस्था व्यापाऱ्याकडून गाडी स्वतः विकत घेते आणि गिऱ्हाइकाला भाड्याने देते. शेवटचा हप्ता फिटला म्हणजे गिऱ्हाईक मालक होते. येथे गाडी पुरवणारी वित्तसंस्थाच असल्यामुळे गाडीच्या दर्जाची जबाबदारी तिच्यावर टाकणे कठीण नव्हते. दुसऱ्या प्रकारात व्यापारी गाडी विकत असे आणि त्याच्याच ओळखीची संस्था गिऱ्हाइकाला कर्ज देत असे. गाडी नादुरुस्त निघाली, की व्यापारी टाळाटाळ करी आणि संस्था म्हणे, ‘आम्ही फक्त पैसे दिले, गाडीशी आमचा काय संबंध? हप्ता मात्र वेळेवर आला पाहिजे.’ म्हणजे बंद पडलेली गाडी दारात आणि कर्जाचा तगादा दाराशी, अशी गिऱ्हाइकाची अवस्था होई.

ग्राहकांच्या पतव्यवहाराचा समग्र विचार करण्यासाठी १९६८ मध्ये लॉर्ड क्राउथर यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश सरकारने एक समिती नेमली. तिचा अहवाल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्ज देणारा आणि माल विकणारा हे जेथे परस्परांशी संधान बांधून धंदा करतात, तेथे त्यांना एकमेकांशी संबंध नसलेले दोन परके मानणे वस्तुस्थितीला धरून नाही, असा त्या विचाराचा गाभा होता. कर्ज मिळते म्हणून माल खपतो आणि माल खपतो म्हणून व्याज मिळते. ज्या व्यवहारात नफ्याची अशी भागी आहे, त्यात जोखमीचीही भागी असली पाहिजे. या विचारातून १९७४चा ग्राहक पतव्यवहार अधिनियम झाला. त्यातील कलम ७५ हे या विषयाचे मर्म असून ते १ जुलै १९७७पासून अमलात आले. दरम्यान १९६६ मध्ये बार्कलेकार्ड आणि १९७२ मध्ये ॲक्सेस ही क्रेडिट कार्डे ब्रिटनमध्ये सुरू झाली होती. कार्ड देणारी बँक, कार्ड वापरणारा गिऱ्हाईक आणि कार्ड स्वीकारणारा दुकानदार ही तिकटी या कलमाच्या चौकटीत नेमकी बसली.

कलम ७५ सांगते ते थोडक्यात असे. विक्रेत्याने खोटी माहिती देऊन माल गळ्यात मारला, किंवा कराराचा भंग केला, तर ऋणकोला विक्रेत्याविरुद्ध जो दावा सांगता येतो, तसाच दावा धनकोविरुद्धही सांगता येतो. आणि दोघे संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार असतात. म्हणजे गिऱ्हाइकाने आधी विक्रेत्याच्या मागे धावावे, तो सापडला नाही तरच बँकेकडे यावे, असे बंधन नाही. तो पहिल्याच दिवशी बँकेकडे जाऊ शकतो. भरपाई दिल्यावर बँकेने ती विक्रेत्याकडून वसूल करावी, अशी सोय त्याच कलमात केलेली आहे. दिवाळखोर विक्रेत्यामागे धावण्याची दगदग अशा रीतीने एकट्या गिऱ्हाइकाच्या माथ्यावरून उतरून अधिक बळकट खांद्यावर गेली.

या कलमातील सर्वांत उपयुक्त गोष्ट अशी, की सगळी किंमत कार्डाने दिलेली असण्याची गरज नाही. समजा, एखाद्याने १२,००० पौंडांची जुनी मोटार व्यापाऱ्याकडून घेतली. ५०० पौंड विसार म्हणून क्रेडिट कार्डाने दिले आणि उरलेले ११,५०० पौंड आपल्या बँकखात्यातून पाठवले. जाहिरातीत लिहिले होते, की गाडी ४०,००० मैल चाललेली आहे. दुसऱ्या आठवड्यात गिअरपेटी मोडली, आणि तपासणीत आढळले, की मैलमापकाचे आकडे मागे फिरवलेले असून गाडी प्रत्यक्षात ९०,००० मैल चालली आहे. खरेदीदाराने ताबडतोब गाडी नाकारल्याचे पत्र व्यापाऱ्याला पाठवले. उत्तर आले नाही, आणि महिनाअखेर दुकानाला टाळे लागले. अशा वेळी बँकेची जबाबदारी ५०० पौंडांपुरती नसते. ती पूर्ण १२,००० पौंडांची असते. शिवाय गाडी ओढून नेण्याचा किंवा तज्ज्ञाच्या तपासणीचा जो वाजवी खर्च त्या फसवणुकीमुळे करावा लागला, तोही मागता येतो. गिऱ्हाइकाने सगळी रक्कम रोख दिली असती, तर दिवाळखोराच्या धनकोंच्या रांगेत शेवटी उभे राहण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नसते.

मोटारींच्या बाबतीत ही सवलत विशेष मोलाची ठरते, याचे एक व्यावहारिक कारण आहे. कार्डाने पैसे घेतले की त्यावर व्यापाऱ्याला शुल्क द्यावे लागते. १३ जानेवारी २०१८पासून हे शुल्क ग्राहकांच्या माथी मारण्यास ब्रिटनमध्ये मनाई झाली. त्यामुळे पुष्कळ व्यापारी संपूर्ण किंमत कार्डावर घेण्यास नाखूश असतात. विसारापुरती रक्कम मात्र घेतात. कायद्याच्या दृष्टीने तेवढी पुरे आहे. महिन्याचे देयक येताच कार्डावरची रक्कम फेडून टाकली, तर सामान्यतः व्याजही पडत नाही आणि संरक्षणही नाहीसे होत नाही.

तथापि या आधाराच्या सीमारेषा नीट ओळखून असले पाहिजे. पहिली रेषा किमतीची. वस्तूची रोख किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत असली पाहिजे. मूळ अधिनियमात या मर्यादा ३० आणि १०,००० पौंड होत्या. १९८३च्या आदेशाने त्या वाढवण्यात आल्या. मोटारींच्या किमती तेव्हापासून पुष्कळ चढल्या आणि आज अनेक नव्या गाड्या वरची मर्यादा ओलांडतात. येथे पाहावयाची ती वस्तूची किंमत. कार्डाने दिलेली रक्कम नव्हे. ३०,५०० पौंडांच्या गाडीसाठी ५०० पौंड कार्डाने दिले, तर कलम ७५ लागू होत नाही; २९,५०० पौंडांच्या गाडीसाठी तेवढेच दिले, तर होते. हजार पौंडांच्या फरकाने सगळे संरक्षण यावे किंवा जावे, हे विचित्र वाटते. परंतु कायद्याची रेषा कोठेतरी ओढावीच लागते आणि तिच्या दोन्ही बाजूंना असे शेजारी राहणारच.

दुसरी रेषा तिकटीची. पैसे ज्याला दिले आणि गाडी ज्याने विकली, तो एकच असला पाहिजे. विसार दलालाला दिला आणि विक्रीचा करार दुसऱ्याच पेढीशी झाला, तर साखळी तुटण्याचा संभव असतो. पतीच्या नावाच्या खात्यावरील जोडकार्ड पत्नीने वापरले आणि गाडी केवळ स्वतःच्या नावे घेतली, तर ऋणको एक आणि खरेदीदार दुसरा, असा पेच पडू शकतो. कार्डावर रोख रक्कम काढून ती व्यापाऱ्याच्या हाती ठेवली, तर ती खरेदी कार्डाची राहत नाही. खासगी व्यक्तीकडून घेतलेली गाडी तर बहुधा या कक्षेबाहेरच असते, कारण शेजारी किंवा वर्तमानपत्रातील जाहिरातदार कार्ड स्वीकारीत नाही.

तिसरी रेषा कार्डाच्या जातीची. डेबिट कार्डाने दिलेले पैसे हे स्वतःच्याच खात्यातले असतात. तेथे कोणी धनको नसल्यामुळे कलम ७५ही नाही. त्यांच्यासाठी कार्डयोजनांच्या आपसातील नियमांप्रमाणे रक्कम उलटवून घेण्याची एक पद्धत असते. ती उपयोगी आहे. पण तो कायद्याने दिलेला हक्क नव्हे. तिची मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते, आणि तिने कार्डावर दिली असेल तेवढीच रक्कम परत मिळू शकते. वरच्या उदाहरणातला विसार डेबिट कार्डाने दिला असता, तर फार तर ५०० पौंड हाती आले असते.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की कलम ७५ गाडीच्या दर्जाविषयी कोणताही नवा हक्क निर्माण करीत नाही. ते विक्रेत्याचीच जबाबदारी बँकेच्या अंगावर आणते. विक्रेत्याने करारभंग केलाच नसेल, तर बँकेकडूनही काही मिळत नाही. १९६५ साली अपील न्यायालयासमोर एका जुन्या जॅग्वार गाडीचा वाद आला होता. क्लचमध्ये दोष आहे, असे व्यापाऱ्याने आधीच सांगितले होते आणि त्याबद्दल किंमतही कमी केली होती. पुढे दुरुस्तीचा खर्च अपेक्षेहून बराच जास्त निघाला, म्हणून खरेदीदार न्यायालयात गेला आणि हरला. जुन्या गाडीत आज ना उद्या दोष निघणार, हे घेणाऱ्याने धरून चालावयाचे असते, अशी न्यायालयाची भूमिका होती. वय, किंमत आणि चाललेले मैल यांच्या मानाने गाडी जितकी चांगली असावी तितकीच अपेक्षा कायदा करतो.

नव्या गाडीच्या बाबतीत वेळ हा दुसरा शत्रू असे. १९८७च्या एका निकालात, केवळ तीन आठवडे वापरलेल्या आणि अवघे १४० मैल चाललेल्या नव्या निस्सान गाडीचे इंजिन जाम झाले. करारभंग झाला हे न्यायालयाने मान्य केले. परंतु गाडी नाकारण्याची वेळ टळून गेली, आता फक्त नुकसानभरपाई मिळेल, असा निर्णय दिला. वाजवी वेळ म्हणजे किती, हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. १ ऑक्टोबर २०१५पासून अमलात आलेल्या ग्राहक हक्क अधिनियमाने ही संदिग्धता काढून टाकली. दोष आढळल्यास पहिल्या ३० दिवसांत गाडी नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी विक्रेत्यास द्यावी लागते. ती फसली, तर किंमत कमी करून घ्यावी किंवा गाडी परत करावी. पहिल्या सहा महिन्यांत दिसून आलेला दोष मुळातच होता, असे त्या टप्प्यावर गृहीत धरले जाते आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर पडतो. इतर वस्तूंच्या बाबतीत या सहा महिन्यांत वापराबद्दल कपात करता येत नाही. मोटारीला मात्र अपवाद केलेला आहे. तीस दिवस उलटल्यावर गाडी परत करणाऱ्याला, जितकी गाडी फिरवली त्या मानाने काही रक्कम सोडावी लागू शकते.

बँकांनी हे ओझे आनंदाने उचलले, असे नव्हे. कार्डांचा व्यवहार जसा पसरला, तसा दुकानदार एका बँकेचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेचे, अशी व्यवस्था रूढ झाली. ज्या दुकानदाराशी आपला थेट संबंध नाही त्याच्यासाठी आपण का जबाबदार राहावे, असा युक्तिवाद त्यांनी केला. तो २००६ मध्ये अपील न्यायालयाने अमान्य केला. परदेशातील खरेदीस तरी हे कलम लागू नसावे, हा दुसरा युक्तिवाद २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. कार्ड जगभर चालते ही ज्या व्यवसायाची जाहिरात, त्याने जबाबदारी मात्र किनाऱ्यापाशी थांबवावी, हे न्यायासनाला पटले नाही.

मागणी करण्याची रीत साधी आहे. मात्र ती पुराव्यावर उभी असते. मूळ जाहिरात, विक्रीचे बिल, विसाराची पावती, व्यापाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार आणि शक्य तर स्वतंत्र अभियंत्याचा तपासणी अहवाल, इतकी कागदपत्रे जपून ठेवावीत. दोष दिसताच व्यापाऱ्याला आणि बँकेला लेखी कळवावे. तक्रारीवर बँकेने आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर वित्तीय लोकपालाकडे जाता येते. अंतिम उत्तरानंतर त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते आणि ग्राहकाला त्याचे शुल्क पडत नाही. न्यायालयात जाण्याची मुदत इंग्लंड व वेल्समध्ये साधारणतः सहा वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांची आहे.

शिक्षण वा नोकरी यांच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही माहिती प्रत्यक्ष उपयोगाची आहे. भारतातील श्रोत्यांना मात्र एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. भारताच्या कायद्यात कलम ७५सारखी, कार्ड देणाऱ्या बँकेला विक्रेत्याच्या बरोबरीने जबाबदार धरणारी तरतूद नाही. येथे सदोष वाहनाची दाद १९८६च्या आणि आता त्याची जागा घेतलेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली ग्राहक आयोगापुढे मागावी लागते. तेव्हा ब्रिटनमधला नियम ऐकून कोणी येथे केवळ कार्डाच्या भरवशावर गाडी घेऊ नये.

‘उधारीचे पोते’ ही म्हण खोटी ठरली, असे यावरून समजण्याचे कारण नाही. फेडण्याची ऐपत नसता काढलेले कर्ज कोणत्याही देशात माणसाला मिंधेच करते, आणि कलम ७५ कोणाला व्याजापासून वाचवीत नाही. त्या कलमाने केले ते इतकेच, की गिऱ्हाइकाच्या खरेदीवर ज्या दोघांचे पोट भरते, त्या दोघांनाही दिलेल्या शब्दाला बांधून घेतले. विक्रेता पळून जाऊ शकतो. बँकेला आपल्या इमारतीसह पळता येत नाही. ब्रिटनमध्ये विसाराचे पाचशे पौंड खिशातून काढायचे की कार्डाने द्यायचे, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक राहत नाही. पोते रिते निघाले, तर ते भरून देण्यास दुसरे कोणी बांधलेले आहे की नाही, हे त्याच क्षणी ठरून जाते.